पाचशे फुटांवरचं उत्तर

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलात की अर्धे शब्द वारा नेतो, आणि आजच्या गोष्टीत तर दोन शब्द वाऱ्यानं नेल्याचाच सगळा घोळ आहे. गोष्ट राजाची नाही, संताची नाही. आमच्या चर्चमध्ये डाव्या बाजूला उभा राहून गाणाऱ्या एका माणसाची आहे. आपल्या कानांचा त्याला फार अभिमान होता. आणि पोटासाठी तो दीडशे-पावणेदोनशे जिवांना पाठीशी घेऊन आकाशातून ये-जा करायचा. मी गोष्टीतल्या सकाळच्या साडेआठला सुरू करतो आणि तिथली दुपार व्हायच्या आत तुम्हाला मोकळं करतो. मध्येच कुणी उठू नका, एवढंच मागणं.

तर एका मंगळवारी सकाळी थिओफानीस कारावेलास आमच्या शहरातल्या एग्नातिया रस्त्याच्या आतल्या गल्लीत बुगात्साच्या, म्हणजे सारण भरलेल्या गरम पापुद्र्यांच्या, दुकानात रांगेत उभा होता. लोखंडी पात्याखाली पापुद्र्यांचे तुकडे होत होते, भट्टीची ऊब तोंडावर येत होती, आणि त्याच्या डोक्यात अकरा वाजता सही करायच्या कागदाचं एकच वाक्य फिरत होतं. त्याचा नंबर आला. दुकानदारानं काहीतरी विचारलं असावं, कारण थिओफानीसनं "हो, हो," असं म्हणून पाकिटात हात घातला. पातं थांबलं. दुकानदारानं मान वर केली आणि हसत म्हणाला, "हो म्हणजे कुठला, कॅप्टन? क्रीमचा की चीजचा? दोनदा विचारलं तुम्हाला." मागच्या बाईनं हसू दाबलं. यात चिडण्यासारखं काय होतं? रोज सकाळी त्या दुकानात चार अर्धझोपी माणसं असंच काहीतरी पुटपुटत असतात. पण थिओफानीसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्रीमचा, तो इतक्या तुटकपणे म्हणाला की दुकानदाराचं हसू विरलं. ताटली घेऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि दालचिनीची भुकटी जरुरीपेक्षा जास्त शिंपडून बसला. दोनदा. आज सकाळी या माणसाला नेमका हाच शब्द सापडावा? सात आठवड्यांपूर्वी त्याची सहवैमानिक इस्मिनी दाऊतीनं आपल्या अहवालात हाच शब्द लिहिला होता. मी दोनदा सांगितलं.

खोटं लिहिलं होतं. सात आठवडे थिओफानीस स्वतःला हेच सांगत आला होता, आणि दर वेळी सांगताना त्याचा संताप ताजा होत होता. इतका ताजा की कधीकधी त्याला त्या संतापाचा आधार वाटे, जिन्यातल्या कठड्यासारखा. मुलगी एकोणतीस वर्षांची, कोझानीची, वीज केंद्रात पाळ्या करणाऱ्या माणसाची लेक, कंपनीत हंगामी करारावर दुसरंच वर्ष. आणि तो? तीस वर्षं आकाशात, त्यातली बारा वर्षं नव्या वैमानिकांना शिकवण्यात. तिनं लिहायचं की मी सांगितलं आणि कॅप्टननं ऐकलं नाही. ऐकलं नाही! ज्या माणसाला समोरच्या गायकाचा सूर पाव घरानं उतरला तरी मानेवर मुंगी चढल्यासारखं होतं, त्याला हातभर अंतरावर बसलेल्या मुलीचा आवाज ऐकू येत नाही म्हणे.

आता तुम्ही विमानात बसता तेव्हा पुढच्या बंद दाराआड काय चालतं ते थोडं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. तिथे दोघं असतात. एक चालवतो आणि दुसरा नजर ठेवतो, आणि दोघांनी काय बोलायचं, कधी बोलायचं, कुठल्या शब्दांत बोलायचं हे एका जाड पुस्तकात लिहिलेलं असतं. धावपट्टी पाचशे फूट खाली राहिली की वेग, खाली येण्याचा दर, पंखांच्या झडपा, इंजिनांचा जोर, सगळं ठरल्या मर्यादेत हवं. एकही आकडा बाहेर असेल तर नजर ठेवणारा म्हणतो, "गो-अराउंड." म्हटलं, की चालवणाऱ्यानं तेच दोन शब्द उलटून म्हणायचे, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा आणि उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. का, म्हणून विचारायचं नाही. कारण जमिनीवर विचारायचं. उत्तर आलं नाही तर नजर ठेवणाऱ्यानं पुन्हा सांगायचं. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर शेजारचा माणूस शुद्धीवर नाही असं धरून स्वतः हात घालायचा आणि विमान वर न्यायचं, मग शेजारी कॅप्टन असो की कॅप्टनचा बाप. हे प्रकरण थिओफानीस नव्या पोरांना स्वतः शिकवायचा, आणि शिकवताना चर्चचा दाखला द्यायचा. आमच्याकडे गायकांच्या दोन बाजू असतात, उजवी म्हणते आणि डावी उत्तर देते. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं झेलायचं. मधे स्वतःची अक्कल घालायची नाही. पोरं हसायची, पण लक्षात ठेवायची.

डावी बाजू त्यानं एकोणिसाव्या वर्षी धरली. उजवीकडे तेव्हाही अगाथोन काका होते, धंद्यानं शिंपी, आवाजानं मात्र असा माणूस की स्तोत्र सुरू झालं की मेणबत्त्यासुद्धा सरळ उभ्या जळतात असं आम्ही म्हणायचो. एका संध्याकाळी पोरवयाच्या उत्साहात फानीसनं, आम्ही थिओफानीसला फानीसच म्हणतो, त्यांची ओळ पुरी व्हायच्या आत उत्तर सुरू केलं. काका थांबले. रागावले नाहीत, खाकरले नाहीत, नुसते थांबले. अख्खं चर्च थांबलं, धूपदाणी हातात घेतलेला पाद्रीसुद्धा. त्या शांततेत फानीसच्या तोंडातला सूर एकटाच लोंबकळत राहिला आणि मग मेला. त्यानंतर इतक्या वर्षांत समोरच्याचा शेवटचा श्वास संपल्याखेरीज त्याच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. हीच सवय तो विमानात घेऊन गेला, आणि लोक म्हणायचे की कारावेलासबरोबर उड्डाणाआधीची तपासणीची यादी वाचणं म्हणजे गाणं म्हटल्यासारखं आहे. इस्मिनीबरोबर मात्र ते गाणं होईना. ती प्रत्येक उत्तराआधी थांबायची. तो वाचायचा, ती बटणाकडे बघायची, बोटानं त्याला शिवायची, आणि मग उत्तर द्यायची. प्रत्येक ओळीला तो एवढासा खड्डा. एकदा तो गमतीनं म्हणालाही, पोरी, त्या बटणाला काय नमस्कार करतेस का? ती हसली नाही. म्हणाली, "काल ते चालू होतं कॅप्टन, आजचं मला माहीत नाही."

ताटलीतला बुगात्सा निम्मा तसाच राहिला. तो उठला, चालत मोठ्या रस्त्यावर आला आणि विमानतळाच्या बसमध्ये मागच्या बाजूला खिडकीशी बसला. एरवी त्याला घ्यायला कंपनीची गाडी येते. आज त्यानं ती मागवली नव्हती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. बसमध्ये बाया पिशव्या पायांशी ठेवून टोमॅटोच्या भावावरून सरकारला शिव्या देत होत्या, आणि त्याला वाटलं, या तरी उघडपणे चिडताहेत. आपला संताप नेमका कुणावर आहे? मुलीवर. ठीक. आणि कंपनीवर नाही? सात आठवडे मुलीला जमिनीवर बसवून ठेवलंय. ना काढून टाकलं, ना उडू दिलं. विमानतळावरच्या उपाहारगृहात एकदा ती दिसली होती, गणवेश नसलेली, कॉफी समोर ठेवून पुस्तक वाचत बसलेली. तेच जाड पुस्तक. तिनं उभं राहून "नमस्कार कॅप्टन" म्हटलं होतं आणि तो घाई असल्यासारखा पुढे गेला होता. त्या दिवशीही तो रात्रीपर्यंत चडफडत होता. हिला उभं राहायची काय गरज होती? टोमणा होता का तो? नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं.

कागदावरचं वाक्य त्यानं पुन्हा मनात म्हणून पाहिलं. पाचशे फुटांखाली सहवैमानिकाकडून कोणताही पुकारा मला ऐकू आला नाही. मुख्य वैमानिक व्रासीदासनं ते त्याला फोनवर वाचून दाखवलं होतं. मोजकं आणि गुळगुळीत. खरंही होतं. शपथेवर खरं होतं. त्याच्या आठवणीत तो पुकारा कुठेच नव्हता. मग त्यानं ते केलं, जे तो विद्यार्थ्यांना करायला लावायचा: डोळे मिटून तो एक मिनिट क्षणाक्षणानं पुन्हा जगायचा, डोळ्यांनी नाही, कानांनी. ऑगस्टच्या उपवासाचा पंधरवडा. दुपारचे चार वाजून तेहतीस मिनिटं. सामोस बेटाची धावपट्टी समोर, उन्हात पांढरी. उत्तरेचा तो दांडगा वारा, मेल्तेमी, डोंगरावरून खाली कोसळतोय आणि विमानाला मागून ढकलतोय. वीस मिनिटांचा उशीर आधीच झालेला. खांद्याच्या पट्ट्यांची करकर. झडपांचा घरघराट. मग यंत्राचा आवाज, तो भावना नसलेला पुरुषी आवाज: पाचशे. त्यानंतर वाऱ्याचा एक तडाखा, कागद ठेवायच्या फळीवरून पेन घरंगळल्याचा टकटक आवाज, आणि मग त्याचा स्वतःचा आवाज, जरा चढा, जरा लाडीगोडीचा: बघतोय, पोरी, बघतोय.

बस एका थांब्यावर थांबली. दोन बाया उतरल्या. थिओफानीस डोळे मिटलेलेच ठेवून बसला होता. तो आवाज नवा नव्हता. सात आठवडे तो त्याच्याजवळ होता, नेहमी त्याच जागी, पेनाच्या टकटकीनंतर. पण थिओफानीस त्याच्यावरून पुढे जायचा, जसं आपण घराच्या दारावरची आपलीच पाटी वाचत नाही. आज त्यानं तिथे पाय रोवला. बघतोय, पोरी. हे कुणाला म्हटलं होतं? वाऱ्याला कुणी पोरी म्हणत नाही. यंत्राला म्हणत नाही. आणि बघतोय म्हणजे काय? बघतोय असं माणूस आपणहून म्हणत नाही. कुणीतरी बघ म्हटल्याखेरीज बघतोय येतं कुठून? समोरून काही आल्याशिवाय याच्या तोंडून कधी काही गेलं होतं का? अगाथोन काकांनी सबंध चर्च थांबवून जे त्याच्या हाडात घातलं होतं, ते त्याच्या आठवणीपेक्षा जुनं होतं आणि आठवणीपेक्षा प्रामाणिक. उत्तर होतं. मग प्रश्न होता. त्याला ऐकू आलेला नव्हता, पण त्याच्या जिभेला आला होता. कान बंद झाले होते आणि जीभ एकटीच जागी राहून झील ओढत होती.

बसच्या खिडकीबाहेर गोदामं, गाड्यांची दुकानं, सुकलेलं गवत मागे जात होतं आणि त्याच्या डोक्यात ते मिनिट आता थांबत नव्हतं. पहिला पुकारा झाला असेल तेव्हा तो गप्प होता. म्हणजे नियमाप्रमाणे तिनं दुसरा केला. आणि दुसऱ्यानंतर तिचा हात पुढे यायला हवा होता. का नाही आला? कारण उत्तर आलं. शेजारचा माणूस बोलतोय, म्हणजे शुद्धीवर आहे. त्या लाडीगोडीच्या शब्दांनी त्यानं तिचा हात धरून मागे ठेवला होता. वेग बावीस नॉटनी जास्त, धावपट्टी निम्मी संपल्यावर चाकं टेकली, ब्रेक तापून लाल झाले, पुढे समुद्र. विमान थांबलं तेव्हा मागे लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं हसून म्हटलं होतं, बघ, आवडलं त्यांना. ती बोटं मांडीखाली दाबून बसली होती. हे त्याला आत्ता दिसलं. तेव्हाही दिसलंच असणार.

आणि घाई कशाची होती? हे मात्र त्याला शोधावं लागलं नाही. देवमातेच्या पंधरवड्यातली संध्याकाळची प्रार्थना सातला होती, डावी बाजू त्याच्याविना रिकामी होती, आणि पुन्हा वर जाऊन फेरी मारून यायचं म्हणजे पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांसाठी. ज्या माउलीच्या पुढे उभं राहून तो प्रवाशांचं रक्षण कर असं आळवणार होता, तिच्याकडे वेळेवर पोचण्यासाठी त्यानं एकशे एकसष्ट प्रवासी वाऱ्यावर सोडले. त्याला हसू आलं, घाणेरडं हसू. पोचलाही नाहीच. ब्रेक इतके तापले होते की थंड होईपर्यंत सामोसला ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त तिष्ठत बसावं लागलं. तो परत आला तेव्हा चर्चमध्ये बाई मेणबत्त्यांची टोकं गोळा करत होती. आणि त्याच पाऊण तासानं दुसरंही एक काम केलं. त्या जुन्या विमानांत आतला आवाज टिपणारं यंत्र शेवटचे दोन तासच जवळ ठेवतं, त्यामागचं पुसत जातं. परतीचं विमान उतरेपर्यंत दोन तास उलटून गेले होते. यंत्रानं आकडे ठेवले, शब्द ठेवले नाहीत. आकड्यांवरून विमान कसं उतरलं हे ऑफिसला कळलं. कोण काय बोललं, हे फक्त दोन माणसांकडे उरलं, आणि त्यातल्या एकाला गाता येत होतं म्हणून त्याच्या कानांवर सगळ्यांचा विश्वास होता.

व्रासीदासच्या खोलीत कॉफी तयार होती. दोघं हवाई दलात एकाच तुकडीत होते, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. व्रासीदासनं खुर्ची पुढे ओढली, दार लावलं आणि समजावणीच्या सुरात सगळं पुन्हा मांडलं. आकडे मर्यादेबाहेर होते हे तर खरंच, ते कुणी लपवत नाही. पण पुकारा झालाच नाही म्हटलं की ती दोघांची नजरचूक ठरते. फानीसला एक दिवस नकली विमानात बसवून उजळणी, एक समजपत्र, विषय संपला. पुकारा झाला आणि कॅप्टननं तो डावलला असं ठरलं, तर मग ती चूक राहत नाही, तो उद्दामपणा होतो. शिकवायचं काम जातं, आणि वरून कोण जाणे आणखी काय. आणि मुलगी? तिचा करार ऑक्टोबरअखेर संपतोच आहे. वाढवायचा नाही, झालं. काढून टाकलं असंही कुणाला म्हणता येणार नाही. खोटा अहवाल दिल्याची एक ओळ फाइलमध्ये राहील. ती एक ओळ असली की दुसरी कुठली कंपनी तिला दारात उभी करणार नाही, हे व्रासीदास बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती.

थिओफानीस कागदाकडे बघत राहिला. सात आठवडे जो संताप त्यानं मुलीवर पोसला होता तो अजून अंगात होताच, तसाच तापलेला, फक्त आता त्याला जायला जागा उरली नव्हती. मग तो या खोलीवर वळला. या कॉफीवर, या बंद दारावर, या मैत्रीवर, आणि जे वाक्य लिहिताना कुणीतरी एकेक शब्द पारखून घेतला होता त्या वाक्यावर.

"यात खोटं काय आहे ते सांग," व्रासीदास म्हणाला. "तुला ऐकू आलं होतं?"

"नाही."

"मग कर की सही. खरंच तर लिहिलंय."

"खरं लिहिलंय म्हणूनच किळस येते," थिओफानीस म्हणाला. "खोटं असतं तर केव्हाच फाडलं असतं मी. सात आठवडे या खऱ्या वाक्यात लपून बसलो होतो."

त्यानं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. अक्षर त्याचं चांगलं आहे, आमच्या चर्चमधल्या गाण्यांच्या वह्या त्यानंच उतरवलेल्या आहेत. सहवैमानिक इस्मिनी दाऊती यांनी पाचशे फुटांना पहिला पुकारा केला, त्यानंतर दुसरा केला. दोन्ही मला ऐकल्याचं आठवत नाही. परंतु दुसऱ्यानंतर मी त्यांना उत्तर दिलं, ते मला स्वच्छ आठवतं, आणि विचारल्यावाचून मी उत्तर देत नाही. व्रासीदास खांद्यावरून वाचत होता. त्याचा आवाज चढला. तो म्हणाला की हे वेडेपण आहे, असला पुरावा पृथ्वीवरची कुठलीही समिती मागत नाही, तुझं गाणं तुझ्या चर्चमध्ये ठेव. फानीस लिहीत राहिला. पुढची ओळ सगळ्यात जड होती, कारण तिथे कंपनीच्या कागदावर एक नाव लिहायचं होतं, जे त्यानं आजवर कधी सबब म्हणून वापरलं नव्हतं. उतरणं न सोडण्याचं कारण: मला सात वाजता देवमातेच्या प्रार्थनेला पोचायचं होतं. व्रासीदासनं हात पुढे करून पेन धरलं.

"हे नको लिहूस, फानी. हसतील रे लोक. अख्ख्या कंपनीत हसतील."

"हसू देत. ती मुलगी सात आठवडे रडली असेल, तेव्हा आपण दोघं काय करत होतो?"

व्रासीदासनं पेन सोडलं. खिडकीशी गेला, पाठ करून उभा राहिला. मग, नियमच आहे म्हणून, त्यानं इस्मिनीला आत बोलावलं. एकाच उड्डाणातल्या दोघांनी एकमेकांचं निवेदन वाचून खाली सही करायची असते. तिला साडेअकराला बोलावलेलंच होतं आणि ती बाहेर बसून होती. आत आली, दोघांना नमस्कार केला, खुर्चीच्या कडेवर बसली आणि कागद घेतला. ती वाचू लागली तसा थिओफानीस तिच्या चेहऱ्याकडे बघू लागला. त्याला काहीतरी हवं होतं. मान हलणं, डोळ्यांत पाणी, एखादा सुटलेला उसासा. ती प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचत होती. बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं.

"पहिला पुकारा पाचशेला नव्हता," ती म्हणाली. "चारशे चाळीसला होता. यंत्र पाचशे म्हणालं तेव्हा मी वेग पाहिला, मला खरा वाटेना, म्हणून पुन्हा पाहिला. तेवढा उशीर माझा."

व्रासीदास वळला. म्हणाला, मुली, तुझ्याच बाजूनं लिहिलंय त्यांनी, राहू दे.

"माझ्या बाजूनं असलं तरी चूकच आहे," ती म्हणाली आणि कागद थिओफानीसपुढे सरकवला. त्यानं पाचशेवर काट मारली, चारशे चाळीस लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली. तिनं मग उरलेलं वाचलं, प्रार्थनेची ओळसुद्धा. ती त्या ओळीवर हसली नाही, रागावलीही नाही. फक्त बोट तिथे जरा जास्त वेळ राहिलं. सही केल्यावर मात्र तिनं पेन खाली ठेवलं नाही.

"कॅप्टन, मी तुम्हाला माफबिफ करायला आलेली नाही," ती म्हणाली. आवाज वाचतानासारखाच सपाट होता. "पहिल्या आठवड्यात मला तुमचा राग होता. दुसऱ्या आठवड्यात आईनं विचारलं, नक्की मोठ्यानं बोललीस ना, बाळा? मग मीच स्वतःला विचारायला लागले, की मी बोलले होते ना? स्वयंपाकघरात उभी राहून तेच दोन शब्द म्हणून बघायचे, किती मोठ्यानं म्हटलं असेल ते बघायला. तुम्हाला ऐकू आलं नाही, हे मी समजू शकते. पण तुम्ही मला माझ्याच आवाजावर शंका घ्यायला लावलीत."

मग तिनंच विचारलं, अगदी वर्गात हात वर करून विचारावं तसं:

"दुसऱ्यांदा सांगितल्यावर तुम्ही बोललात. बोललात म्हणून मी हात घातला नाही. घालायला हवा होता का?"

बारा वर्षं तो ज्या फळ्यापुढे उभा राहिला, तो त्याच्या मागून काढून घेतला जायला आता काही तासच उरले होते.

"हवा होता," तो म्हणाला. "मी उत्तर दिलं, पण पुस्तकातलं उत्तर दिलं नाही. गो-अराउंड, एवढंच उत्तर आहे. दुसरं काहीही आलं, गोड आलं, ओळखीचं आलं, तरी समोर माणूस नाही असं धरायचं. पुढच्या वेळी हात घाल. माझा हात मधे आला तर त्यावर मार."

तिनं मान हलवली. खिशातून छोटी वही काढली, ते लिहून घेतलं, आणि निघून गेली.

झाली गोष्ट. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या शिकवणाऱ्यांच्या यादीत कारावेलासचं नाव नव्हतं, आणि तीन महिने त्याला विमानाच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत बसू दिलं नाही. इस्मिनी दाऊती त्याच आठवड्यात उडायला लागली, करार वाढला, पण त्या सात आठवड्यांबद्दल तिची कुणी माफी मागितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. आणि हे आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. आमच्याकडे रविवारी पाद्रीबाबांकडे चिठ्ठी देतात, जिवंत माणसांची नावं लिहून, त्यांच्या सुखरूपतेसाठी वाचायला. तिचं नाव मी दर रविवारी लिहितो. तिला हे ठाऊक नाही, आणि ती फारशी चर्चला येणारीही नाही. तुम्ही जिथे कुठे हात जोडत असाल, ज्या कुठल्या नावानं जोडत असाल, तिथे एवढं माझं ऐका: इस्मिनी, कोझानीची, दाऊतींची लेक. एकदा तिची आठवण काढा.